बिनबेदाण्याची कुल्फी

ऊन जिथे दार न वाजवताच घरात शिरतं, अशा एका गावात सगुणा नावाची चिमुकली मुलगी राहायची. तिची आई कुल्फी विकायची. लाल कापड गुंडाळलेला मटका, त्यात बर्फ आणि खडेमीठ, आणि बर्फात खोचलेले टोकदार साचे. पण या उन्हाळ्यात बर्फाचा कारखाना बंद पडला आणि मटका कोपऱ्यात पालथा झाला. आई रोज शेजारच्या गावी काम शोधायला जायची. घरात भाकरीसुद्धा लाजत लाजत यायची.

त्यात ठिपकी आजारी पडली. ठिपकी म्हणजे सगुणाची पांढरी कुत्री. अंगावर चॉकलेटी ठिपके, बरोब्बर अकरा. दोन दिवस ती घराजवळच्या बागेतल्या चाफ्याखाली जीभ बाहेर टाकून पडली होती. पाणी पुढे केलं की मान फिरवायची.

बागेचे माळी भिवातात्या तिच्याजवळ उकिडवे बसले. "पोरी, सांजेच्या आत हिच्या पोटात काही गार गेलं पाहिजे. नाहीतर काही खरं नाही."

सगुणा गार पाणी आणायला बागेतल्या विहिरीकडे धावली. तिथे कर्दळीच्या लालचुटूक फुलाआडून इवलासा आवाज आला, "मला जरा सावली कर गं!"

पानावर बोटाएवढी परी होती. दवाचे पंख, निळसर झगा, आणि बिचारी घामाने डबडबलेली! परीलाही घाम येतो, हे सगुणाला ठाऊकच नव्हतं. तिने तळव्यांचं छप्पर केलं. हात पोळले, तरी तिने ते हलवले नाहीत.

परी हळूहळू टवटवीत झाली. "मी हिमकणी परी. एक इच्छा माग. आईचा मटका उन्हाळाभर गार राहावा, असंही मागू शकतेस हं."

आईचा थकलेला चेहरा सगुणाच्या डोळ्यांपुढे आला. पण ठिपकीकडे तर फक्त संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

"माझ्या ठिपकीसाठी कुल्फी हवी," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

परीने साबुदाण्याएवढा चमचमता खडा दिला. "मटक्यात टाक, बर्फ होईल. पण नीट ऐक. चाफ्याची सावली विहिरीच्या काठाला टेकली की बर्फ संपला. आणि कुल्फी जिच्यासाठी, तिला सोसेल तेवढंच साच्यात घाल. बाधेल असं काही पडलं, तर बर्फ लगेच विरघळायला लागेल."

सगुणा घरी पळाली. साखर नको, वेलची नको. शहाणी मुलगी! पण आईच्या प्रत्येक कुल्फीच्या टोकाला एक बेदाणा असायचा, पहिलाच घास गोड लागावा म्हणून. हात सवयीने बरणीत गेला. शेवटचा उरलेला पिवळाधमक बेदाणा तिने साच्याच्या टोकाशी टाकला. रात्रीच्या जेवणासाठी ठेवलेलं वाटीभर दही आणि उकडलेला केशरी भोपळा एकत्र घोटून साचा भरला. झाकणाची फट कणकेने लिंपली आणि मटका बागेत आणला.

खडा टाकताच मटका बर्फाने भरला. निळा, जांभळा, रुपेरी! त्यात साचा खोचून, वर मीठ पसरून ती मटका गदागदा हलवू लागली. बोटं बधिर झाली. सावली पुढे सरकत होती. पण बर्फ इतक्या भराभर कमी का होतोय? सगुणाला कळेना. ती आणखी जोरात हलवत राहिली.

अखेर कुल्फी बाहेर आली. ठिपकीने दोन दिवसांत पहिल्यांदाच मान उचलली. गुलाबी जीभ कुल्फीच्या टोकाकडे आली.

"काय काय घातलंस गं?" तात्यांनी विचारलं.

"दही, भोपळा, आणि टोकाला बेदाणा. आई घालते तसा."

"मागे घे! आधी मागे घे!" तात्या ओरडलेच. "मी द्राक्षबागेत राखणीला होतो. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे बाधतात!"

सगुणाने कुल्फी खसकन मागे ओढली. ठिपकी कण्हली आणि तिने पुन्हा मान टाकली. मटक्यात नुसतं पाणी उरलं होतं. सावली काठापासून वीतभर दूर होती.

"परीताई, चुकलं माझं!"

"नियम मलाही मोडता येत नाही गं," कर्दळीवरून परी म्हणाली. तिचेही डोळे भरून आले.

सगुणाने कुल्फीचं टोक दोन बोटं मोडलं. बेदाणा अख्खा त्यात आहे ना, ते नीट पाहिलं. "तात्या, हे खोल पुरा. नाहीतर दुसरं एखादं कुत्रं खाईल."

उरलेली कुल्फी तिच्या ओंजळीत वितळत होती. तिने ओंजळ ठिपकीच्या तोंडाशी नेली. ठिपकीने मान फिरवली.

"रुसू नकोस ना गं. आता काही नाही त्यात. खा."

ठिपकीने वास घेतला. एकदा चाटलं. थांबली. मग पुन्हा चाटलं, आणि चाटतच राहिली, ओंजळ कोरडी होईपर्यंत. सावली काठाला टेकली तेव्हा ठिपकी उठून विहिरीजवळच्या डोणीतलं पाणी लपलप पीत होती. सगुणा तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

परी तिच्या बधिर बोटांवर येऊन बसली. "इच्छा संपली. पण चुकलीस तेव्हा तू लपवलं नाहीस, आणि दुसऱ्या कुत्र्याचाही विचार केलास. म्हणून हा गारवा तुझ्या बोटांतच राहू दे. फक्त रोजची पहिली कुल्फी, ज्यांना तोंडाने मागता येत नाही त्यांना द्यायची. देशील?"

"देईन," सगुणा म्हणाली. कर्दळीवर लख्ख, रुपेरी उजेड पसरला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

संध्याकाळी आई रिकाम्या हाताने परतली, तेव्हा सगुणाने मटक्यात हात घातला आणि आत बर्फ खुळखुळला. दुसऱ्या दिवसापासून आईची कुल्फी पुन्हा सुरू झाली. बागेच्या फाटकाशी रोज कुत्र्यांची रांग लागायची, सगळ्यात पुढे ठिपकी. आणि पहिला साचा भरायला बसण्याआधी सगुणा न चुकता बेदाण्याची बरणी आईच्या हातात देऊन यायची.