गोदायचं पान

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, माणसांना पलीकडे नेण्याचं काम गोदाय करायची. तिची होडी लहान, शिडाची. वारा पडला तर असावी म्हणून मागे एक जुनी मशीन लावलेली. नवऱ्यामागे ह्याच दोघी तिच्या वाट्याला आल्या. गोदायचं तोंड असं, की भर बाजारात तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. पण मशीनला तिने उभ्या जन्मात वावगा शब्द ऐकवला नाही, असं म्हणतात. आणि मशीन तरी काय, महाहट्टी! दोरी ओढून ओढून दुसऱ्यांचे खांदे निखळायचे, ही हूं की चूं करायची नाही.

एका दुपारी नथू खारवी बायकोला घेऊन धावत आला. यमुना अडली होती. सुईणीने हात टेकले होते आणि दवाखाना पलीकडे. होडी मध्यावर पोचली आणि वारा पडला. ओहोटी लागलेली. होडी खाडीच्या तोंडाकडे ओढली जाऊ लागली. तिथे लाटा फुटायच्या, तिथे गेलेली होडी परत येत नसे. गोदायने नांगर टाकला, तो रेतीत धरेना. ती यमुनेला सावरते तोवर नथूने घाबरून मशीनची दोरी धरली आणि ओढतच सुटला. मशीन खोकली, पेट्रोलचा वास सुटला, मग खोकणंही बंद.

"सोड ती दोरी," गोदाय म्हणाली. "पेट्रोल जास्त झालाय तिच्या पोटात. जरा जिरू दे."

"आये, बायको मरंल माझी!"

"म्हणून तर सांगतंय, बस खाली."

आणि तिने चंची उघडली. पानाच्या शिरा काढल्या, चुना लावला, सुपारी कातरली, अर्धं पान नथूच्या तोंडात कोंबलं. नथू रडत रडत चघळत बसला. लाटांचा आवाज जवळ आला होता. पण गोदायचं पान रंगेपर्यंत ओहोटी जागच्या जागी थांबून राहिली, असं म्हणतात. कुणी म्हणतं, नांगर खडकाला अडकला असेल. म्हणोत बापडे, ते काही होडीत नव्हते. मग गोदायने तोंड पुसलं, मशीनवरून हात फिरवला आणि एकदाच दोरी ओढली. संध्याकाळच्या आत यमुनेला मुलगी झाली.

पुढे गोदाय गेली. तिची राख सोडायला तिचीच होडी काढली, तर मशीन सुरू होईना. तरणे गडी दोरीला झोंबू लागले, तेव्हा म्हातारा नथू पुढे झाला. त्याने पान लावलं, अर्धं मशीनच्या डोक्यावर ठेवलं, अर्धं चघळत बसला. सगळेच बसले. मग पहिल्याच ओढीला मशीन बोलली, असं म्हणतात, आणि नथू त्या आवाजात पोटभर रडला.

आता पूल झाला. पण होडीची मशीन असो, मोटारसायकल असो की शेतावरचा पंप, सुरू झाला नाही तर आजही आमच्याकडे त्याच्यावर अर्धं पान ठेवतात आणि अर्धं चघळत बसतात. कुणी घाई केलीच, तर यमुनेची लेक, आता तीही आजी झाली, धक्क्यावरून ओरडते, "बस खाली! मी आयच्या पोटात थांबलंय, तुला थांबाया काय होतं?"