डाव्या पिळाची दोरी

खूप मागची गोष्ट आहे, बरं का. इतकी मागची, की तेव्हा राजा नव्हता, राणी नव्हती, लोखंडाचा खिळासुद्धा नव्हता. किती वर्षं झाली, ते काही मला नक्की सांगता यायचं नाही. पण समुद्र होता. आणि त्या समुद्रात होतं एक बोराएवढं बेट.

बेटावर दहा-बारा झोपड्या. त्यातल्या एकीत कालवी राहायची. तिला एक लेक होती, करंदी. कालवी डावखुरी. दगड डाव्या हातानं मारायची, शिंपले डाव्या हातानं फोडायची. आणि एकदा ठरवलं की ठरवलं.

बेटाभोवती खडकांचं कडं होतं. कड्याच्या आत उथळ पाणी. तिथे शिंपले वेचायचे, खेकडे धरायचे, चार माडांचे नारळ खायचे, की झालं जेवण. कड्याबाहेर खोल पाण्यात हातभर लांब मासे उड्या मारायचे. पण पोहत गेलं तर दोन्ही हात पोहण्यातच जातात ना? मग मासा धरायचा कशानं?

एका वर्षी काय झालं, उथळ पाणी तापलं. इतकं तापलं की शिंपले मेले, खेकडे दिसेनासे झाले. करंदीच्या पायात कवड्यांचा वाळा होता. पाय बारीक झाला आणि वाळा घसरून वाळूत पडायला लागला. कालवी उचलायची, परत घालायची. एकदा उचलला, दोनदा उचलला. तिसऱ्यांदा मात्र तिनं तो मुठीत धरला आणि म्हणाली, "हा पुन्हा पायात घट्ट होईपर्यंत मी गप्प बसायची नाही."

आता त्या बेटाच्या दोन रीती होत्या. लक्षात ठेवा हं. एक म्हणजे शेजारणीची करवंटी रिकामी परत द्यायची नाही. तिच्यातून पाणी आलं, तर परत जाताना आत काहीतरी घालायचं. अगदी एक शिंपला का होईना. दुसरी रीत अशी, की समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेली वस्तू सूर्य पाण्याला टेकायच्या आत समुद्राला परत द्यायची. कुणीतरी एकदा ठेवून घेतली होती म्हणे, तर मोठी लाट आली आणि झोपड्या घेऊन गेली. म्हणून खडपआजा, म्हणजे बेटावरचा सगळ्यात म्हातारा माणूस, रोज काठी टेकत किनारा तपासायचा आणि ओरडायचा, "समुद्राचं समुद्राला!"

मग एके दिवशी काय आलं वाहत? एक ओंडका. त्याला काहीतरी लांब, केसाळ गुंडाळलेलं. शेजारची शेवंडी ओरडली, "साप गं!"

कालवीनं हात लावून पाहिला. साप कसला! नारळाच्या सोडणाचे केस होते, एकमेकांत पिळलेले. ती ओढून ओढून दमली, पण तुटेना. बेटावरच्या लोकांकडे होती नुसती वेल, वाळली की कटकन तुटणारी. आणि सोडणं तर ते फेकूनच द्यायचे!

ती तिथेच वाळूत बसली. तो पीळ उलगडला, पुन्हा घातला. पुन्हा उलगडला. शेवंडी म्हणाली, "कचरा चिवडून पोट भरतं का गं?"

"अजून तरी नाही," कालवी म्हणाली. "तुझ्याकडची सोडणं दे."

सूर्य उतरला. खडपआजा आला. त्यानं ओंडका दोरीसकट पाण्यात ढकलला. पण तोवर कालवीनं वीतभर दोरी वळली होती. आजानं ती पाहिली आणि हसला. "अगं, वाहत आलेल्या दोरीचा पीळ उजवीकडे, तुझा डावीकडे. उलटीच झाली की!"

"उलटी असो नाहीतर सुलटी, तुटते का बघ."

आजानं ओढून पाहिली. तुटली नाही. आजा काठी टेकत पुढचा किनारा तपासायला गेला.

मग दुसऱ्यांदा काय आलं? लाकडाचा तुकडा, आणि त्यात रुतलेलं एक वाकडं हाड. टोकाला उलटा काटा. कुणी म्हणे कानातलं, कुणी म्हणे पाठ खाजवायचं. कालवीनं ते केसांत खोचलं. काढायला गेली तर निघेना! जितकं ओढावं तितकं रुतायचं. करंदी खी खी हसायला लागली. पण कालवी हसली नाही. ती म्हणाली, "आत जातं, बाहेर येत नाही. करंदे, हे केसांसाठी नाही. हे तोंडासाठी आहे. माशाच्या!"

मग केसांतून हाड सोडवून तिनं तसाच शिंपला घासायला घेतला. पहिला फुटला. दुसरा फुटला. आणि सूर्य तर आला पाण्यापाशी. आता? तिनं पटकन ते हाड ओल्या मातीत दाबलं आणि उचलून आजाच्या हातात दिलं. मातीत राहिला ठसा.

आजानं ठशाकडे काठी दाखवली. "आणि हे?"

"ही माती आपल्याच बेटाची आहे, आजा."

आजानं वाकून मातीला बोट लावून पाहिलं. "हो," म्हणाला, "माती तर आपलीच." आणि हाड पाण्यात टाकून गेला. कालवी शिंपला घासत राहिली. तिसरा नाही फुटला. ठशात ठेवला तर बरोब्बर बसला. झाला गळ तयार! वीतभर दोरीही तिनं वळून वळून चांगली लांब केली होती.

मग तिसऱ्यांदा जे आलं ना, ते पाहून सगळं बेट धावत आलं. दोन ओंडके, एक मोठा, एक धाकटा, आणि दोन आडव्या काठ्यांनी बांधलेले. कालवी वर बसली. ते कललं नाही, उलटलं नाही. आणि तिचे दोन्ही हात मोकळे!

खडपआजा म्हणाला, "सूर्य टेकायच्या आत हे परत गेलं पाहिजे."

कालवी म्हणाली, "जाईल. मीच नेऊन देते."

त्या दिवशी घरात एकच खेकडा होता. कालवीनं तो उचलला.

"आई, तो माझा ना?"

"तुझाच. जरा समुद्राला दाखवून आणते."

एका फळीनं वल्हवत ती कड्याबाहेर गेली. खेकड्याचे तीन तुकडे केले. पहिला गळाला लावला, सोडला. मासा आला, खेकडा खाऊन गेला. दुसरा लावला. तिनं घाईनं ओढलं, तर गळ रिकामा. आता उरला एक तुकडा. लेकीचं जेवण होतं ते. तिनं तिसरा लावला आणि मनात म्हणाली, रुतू दे. केसांत रुतला तसा आधी रुतू दे. दोरी हलली. ती थांबली. पुन्हा हलली. ती थांबली. आणि मग असा जोरात हिसका बसला, की तिनं पाय रोवून दोन्ही हातांनी ओढलं. वर आला करंदीएवढा मासा!

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली. "कालवे! सूर्य टेकतोय!"

कालवीनं वळून पाहिलं. याच्यावर बसूनच परत जावं का? उद्या पुन्हा येता येईल. पण बांधलेलं तिनं नीट पाहून ठेवलं होतं, एकेक गाठ. तिनं मासा कमरेला बांधला आणि पाण्यात उतरली. ओंडके ढकलणार, तोच थांबली. तिला शेजारणीची करवंटी आठवली. आपण समुद्राला इतकी वर्षं सगळं परत देतो, पण रिकामंच की!

मग तिनं आपला शिंपल्याचा गळ काढला, आपल्या दोरीनं आडव्या काठीला घट्ट बांधला, आणि मग ओंडके सोडून दिले. ती पोहत परत आली. आजानं विचारलं, "गळ कुठाय?"

"दिला."

"वेडी का तू?"

"ठसा आहे की!"

त्या संध्याकाळी सगळं बेट जेवलं. मग घराघरात दोऱ्या वळल्या, गळ घासले, ओंडके बांधले. आणि किनाऱ्यावर काही आलं की त्यावर आपलं काहीतरी बांधूनच ते परत पाठवायची रीत पडली. लाट काही आली नाही.

करंदी मोठी झाली. वाळा इतका घट्ट झाला, की फोडून काढावा लागला. आणि एके दिवशी लाटेवर डुलत एक वाळका भोपळा आला. हलवला तर आत बिया खुळखुळ वाजल्या. बेटावर भोपळा कुणी पाहिलाच नव्हता. त्याच्या गळ्यात दोरी होती. करंदीनं ती बोटांत धरली आणि ओरडत आईकडे धावली.

"आई, बघ! डावा पीळ! तुझी दोरी!"

कालवी आता म्हातारी झाली होती. तिनं दोरी डोळ्यांजवळ नेली. बोटांनी चाचपली.

"माझी नाही गं," ती म्हणाली. "माझी इतकी बारीक कुठे होती? पण वळणाऱ्यानं माझी पाहिली होती."

मग त्यांनी मूठभर बिया काढून घेतल्या, भोपळ्यात कवड्यांचा नवा वाळा घातला, आणि सूर्य टेकायच्या आत तो समुद्राला दिला. पावसानंतर बेटावर वेली चढल्या, भोपळे धरले, आणि सगळे पोटभर जेवून गाढ झोपले. भोपळा मात्र अजून चाललाय, लाटांवर डुलत. तो कुठे लागतो ते उद्या सकाळी बघू. चला, डोळे मिटा आता.