नावाची पट्टी

“…मग आता तरी अडतंय कुठे, महाराज?”

विभाकरने टोपली दाणकन समोर ठेवली. आत टपोरे पेरू.

केशवगिरींनी डोळे मिटून घेतले. हा प्रश्न ऐकून त्यांचे कान किटले होते.

मठाची रीत जुनी होती. शिष्य आला की त्याला एक रोप द्यायचं. त्याचं झाड होऊन फळ धरलं, आणि ते झाड बघून गुरूंनी मान डोलावली, तरच नदीपलीकडच्या मठाची गादी. विभाकर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून आलेला. त्याला गादी हवी होती, आणि ती आजच हवी होती.

“झाड बघायला चला. असा बहर अख्ख्या मठात कुणाच्या झाडाला नाही!”

“नव्या शिष्यांना दिलास एखादा पेरू?”

“त्यांना काय कळतंय त्यातलं? परवा विचारत होते, झाड आतून कसं असतं म्हणून. म्हटलं, तुमच्या आवाक्यातलं नाही ते.”

“मग मला सांग. माझ्या तरी आवाक्यात येतंय का बघू.”

झालं! गाडी सुटली. शेंड्याला आणि मुळांच्या टोकांना विभाजी ऊती, त्या वाढ करतात. वरून अपित्वचा, ती राखण करते. मऊ भागात मूल ऊती, त्या अन्न साठवतात. देठ वाकतो पण मोडत नाही तो स्थूलकोन ऊतींमुळे, नारळाच्या काथ्याला चिवटपणा येतो तो दृढ ऊतींमुळे… पठ्ठ्या श्वास घ्यायलासुद्धा थांबेना.

केशवगिरींनी कपाळाला हात लावला.

“अरे हो, हो! पाणी कोण नेतं ते सांग.”

“जलवाहिन्या. लाकडातून, मुळांकडून वर.”

“आणि पानांनी केलेलं अन्न?”

“रसवाहिन्या. सालीतून. फळांनाही जातं, खाली मुळांनाही जातं.”

“नक्की?”

“महाराज, मी हे वर्षानुवर्षं शिकवलंय!”

“तेच तर…”

केशवगिरी उठले. आधीच गुडघे दुखत होते, त्यात हा वैताग. विभाकर टोपली काखोटीला मारून पुढे झाला.

झाड फळांनी वाकलं होतं, खोटं कशाला बोला. बुंध्याला तांब्याची पट्टी होती आणि तिच्यावर ठसठशीत कोरलेलं ‘विभाकर’. रोप अंगठ्याएवढं जाड असतानाच त्याने ती आवळून बसवली होती. झाड वाढलं, पट्टी तेवढीच राहिली. काढ बाबा ती, म्हणून केशवगिरींनी सांगूनही झालं होतं. “मग झाड कुणाचं ते कळणार कसं?” असं म्हणून गड्याने ते उडवून लावलं होतं.

केशवगिरींनी त्याचा हात धरला आणि बोट पट्टीच्या वर टेकवलं. तिथे बुंधा टरारून सुजला होता. मग बोट पट्टीच्या खाली नेलं. खाली बुंधा रोडावलेला होता.

मग खुरप्याने त्यांनी माती उकरली. एक मूळ चिमटीत धरून वाकवलं.

कट्. वाळक्या काडीसारखं मोडलं.

विभाकर मातीतच बसला.

“साल आवळली गेली…” तो म्हणाला. “रसवाहिन्या चेपल्या. अन्न खाली पोचलंच नाही.”

“हं.”

“पण मग हा बहर…?”

“खाली जायचं ते वरच अडलं. फुगणारच की!”

विभाकरने खुरपं घेतलं. पट्टी सालीत रुतली होती, निघता निघेना. बोट कापलं तरी तो थांबला नाही. शेवटी ती निघाली. ती त्याने लांब फेकून दिली.

“झाड जगेल ना, महाराज?”

“बघू.”

विहिरीवर नवे शिष्य पाणी शेंदत होते. रोज याच वेळी ते या झाडाला पाणी घालायला येत. विभाकर तिकडे बघत राहिला. केशवगिरींना वाटलं, चला, उजेड पडला एकदाचा.

“महाराज… आणि गादीचं?”

“अरे देवा!”

केशवगिरींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी पेरूंची टोपली उचलली आणि त्याच्या मातीने भरलेल्या हातांत दिली. मग विहिरीवरच्या शिष्यांकडे बोट दाखवलं.

“आधी ही मुळांना खाऊ घालून ये.”