खाली जाणारी भिंत

“…मग बाबा, मी नेमकं बांधतोय तरी काय?”

हिलाल मिस्त्रीने हातातली थापी खाली ठेवली. समोर विटांची गोल भिंत होती. सकाळी त्याने ती गुडघ्याएवढी चढवली होती. आता ऊन कलताना तिची कड जमिनीला टेकली होती. कुणी बांधलीच नव्हती जणू.

कडुलिंबाखाली हरगीरबाबा बसले होते. 

तापीकाठचा तो लहानसा मठ. तिथली माती पिठासारखी मऊ. नुसता खड्डा खणावा तर कडा ढासळतात. म्हणून तिथे विहीर आधी जमिनीवर बांधतात. जांभळीच्या लाकडाचं भलंमोठं कडं मांडायचं, त्यावर विटांची गोल भिंत चढवायची, आणि आत बसलेल्या माणसांनी कड्याखालची माती चहूबाजूंनी सारखी काढत राहायची. भिंत आपल्याच भाराने खाली सरकते. सरकली की वर पुन्हा विटा. असं पाणी लागेपर्यंत…

हिलाल खरा कमानींचा मिस्त्री. त्याची कमान बघायला वाटसरू बैलगाडी थांबवत. लेक आजारातून उठावी म्हणून तो नवस बोलला होता, की बाबा सांगतील ते मठाला बांधून देईन. बाबा एखादं उंच दार सांगतील, असं त्याच्या मनात होतं.

बाबांनी विहीर सांगितली.

आज एकतिसावा दिवस होता.

मठाचा नेम असा, की महादेवाच्या पिंडीवर कळशीभर पाणी पडल्याशिवाय गावात कुणी घास घ्यायचा नाही. ते पाणी बायका पाळीपाळीने नदीवरून आणत. वाट उभ्या दरडीची. मागच्या आठवड्यात रेऊबाई भरल्या कळशीसकट घसरली. पाय सुजून वरवंट्यासारखा झाला. तरी तिने आपली पाळी दुसरीला दिली नाही. लंगडत गेली, लंगडत आली.

घरच्या पाण्यासाठी संध्याकाळी पुन्हा तीच दरड. येताना बायका विहिरीपाशी दम खायला टेकत, आणि पहिली बोले ती रेऊबाईच.

“मिस्त्रीभाऊ, आमची पोरंसुद्धा महिन्याला बोटभर वाढतात. तुमची भिंत मेली आहे तेवढीच.”

सगळ्या हसत. हिलालही हसे. पण घरी गेल्यावर त्याला जेवण गोड लागत नसे.

आणि काल शेजारच्या गावच्या शेठजींचा निरोप आला होता. हवेलीला दार बांधायचं, कमानीच्या माथ्यावर मिस्त्रीचं नाव कोरायचं. मात्र उद्याच निघायला हवं. हिलालने हे सारं बाबांच्या कानावर घातलं. पावसाळा सरला की परत येईन, नवस बुडवणार नाही, असंही तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

पण दोघांनाही ठाऊक होतं. अशी भिंत चार महिने थांबली की माती तिला घट्ट धरते. मग ती कितीही खणलं तरी हलत नाही. विहीर तिथेच संपते… कोरडी.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

“आत उतरलास कधी?”

“मी? खणणं हे गवंड्याचं काम नव्हे, बाबा.”

“चल.”

आणि तो ऐंशीचा म्हातारा दोराला बांधलेल्या फळीवर बसला, वरच्या गड्यांना खाली सोडा म्हणाला. आता हिलालला मागे राहता येईना.

फळी उतरत गेली. उजेड बारीक झाला. वर आभाळ ताटाएवढं उरलं, मग वाटीएवढं. विटांचे थर अंगाजवळून वर जात होते, एकामागून एक… हिलालने मोजायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

एवढं आपण बांधलं?

तळाशी दोघे जण दिव्याच्या उजेडात माती काढत होते. बाबांनी हिलालचा हात धरला आणि कड्याला लागून असलेल्या सर्वांत खालच्या थरावर ठेवला.

वीट गार होती. ओली होती. सांध्यातल्या चुन्यात अंगठ्याचा ठसा होता. हिलालने अंगठा लावून पाहिला…

त्याचाच.

पहिल्या दिवसाची वीट होती ती. त्या दिवशी बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं होतं, आणि त्याने ती भर उन्हात बसवली होती.

खणणाऱ्यांनी कड्याखालचा शेवटचा घमेलंभर गाळ ओढला. बाबांनी बोट वर केलं. सगळे थांबले.

आधी आवाज आला. पहाटे जात्याचा पहिला फेरा फिरावा, तसा. मग एवढी तीस हात उंच भिंत अंगभर शहारली… आणि उतरली. चहूबाजूंनी, एकाच वेळी, दोन बोटं.

हिलालने डोक्यावर हात घेतले. आता कोसळणार.

एक वीटही निसटली नाही.

बाबा भिंतीला तळवा लावून उभे होते. गाईच्या पाठीला लावावा तसा.

हिलालने विटांवरून हात फिरवला. बांधकामात त्याचं आयुष्य गेलं होतं, पण भिंत चालताना त्याने कधी पाहिली नव्हती.

“बाबा… हिला ढकललं कोणी?”

“तू.”

“मी तर इथं उभा आहे.”

“सकाळी वर होतास, विटा घालत.”

…

पायाला गार लागलं. हिलालने खाली पाहिलं. जांभळीच्या कड्याखालून पाणी येत होतं. आवाज नाही, घाई नाही. घरचं माणूस आत यावं तसं येत होतं. खणणाऱ्यांपैकी थोरल्याने डोक्याचं फडकं काढलं, दोन बोटं पाण्यात बुडवून डोळ्यांना लावली. म्हणाला, देव पावला, पण एवढ्याने भागायचं नाही. अजून पाच-सहा हात खाली जायला हवं, तर वैशाखातही पाणी राहील.

वरून रेऊबाईचा आवाज आला. काय झालं, सगळे गप्प का, असं ती विचारत होती. 

हिलाल त्या चिखलातच गुडघ्यांवर बसला. त्याने बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. शेठजींना नाही म्हणून कळवतो, म्हणाला. मग रडला. लहान मुलासारखा.

“बाबा, आता थापी हातात धरणार नाही. मला वरचं काहीच नको. उद्यापासून मी इथंच बसेन, तळाला… माती काढीन.”

बाबांनी ओला हात त्याच्या डोक्यावरून फिरवला.

“आणि वर वजन कोण घालणार?”