म्हशीखालची डाळ

एक होती मुंगी. तिनं आणली डाळ, बाळासाठी. वाटेत दमली, डाळ खाली ठेवली, जरा बसली. तेवढ्यात आली म्हैस. डाळीवरच बसली. धप्प!

मुंगी म्हणाली, "म्हशीबाई, उठा ना. माझं बाळ उपाशी आहे."

म्हैस म्हणाली, "हॉर्न वाजला तर उठेन. त्याआधी उठायचं नसतं."

समोर उभी होती हौसाकाकूंची जीप. मुंगी चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हॉर्नदादा, हॉर्नदादा, म्हैस उठेना, माझी डाळ मिळेना. वाजता का?"

"बॅटरीनं जोर दिला तर वाजेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बॅटरीताई, बॅटरीताई, हॉर्न वाजेना, म्हैस उठेना, माझी डाळ मिळेना. जोर देता का?"

"माझी वीज मोठी. तिची वाट त्या काळ्या डबीतून जाते. रिले म्हणतात तिला. आतली पट्टी जुळली तर देईन."

मुंगी डबीत शिरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पट्टीताई, पट्टीताई, बॅटरी जोर देईना, हॉर्न वाजेना, म्हैस उठेना, माझी डाळ मिळेना. जुळता का?"

"शेजारच्या गुंडाळीनं ओढलं तर जुळेन."

दोनच पावलं. तुरु, तुरु.

"गुंडाळीमावशी, गुंडाळीमावशी, पट्टी जुळेना, बॅटरी जोर देईना, हॉर्न वाजेना, म्हैस उठेना, माझी डाळ मिळेना. ओढता का?"

"मी तर नुसती तार, गोल गोल गुंडाळलेली. थोडीशी वीज आली की मी लोहचुंबक होते. काकूंनी बटण दाबलं तर ओढेन."

काकू आत बसून होत्या, शांत. मुंगी त्यांच्या हातावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हौसाकाकू, हौसाकाकू, गुंडाळी ओढेना, पट्टी जुळेना, बॅटरी जोर देईना, हॉर्न वाजेना, म्हैस उठेना, माझी डाळ मिळेना. बटण दाबता का?"

"नाही गं बाई. रवंथ करणाऱ्या म्हशीला हॉर्न वाजवायचा नसतो. आमच्या गावची रीतच आहे. ती उठेपर्यंत मी थांबते."

"आणि ती हॉर्नसाठी थांबली आहे, काकू. बाळ माझं उपाशी आहे."

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. म्हशीकडे बघितलं. मुंगीकडे बघितलं. मग एका बोटानं बटण दाबलं, अगदी हळू.

थोडीशी वीज निघाली. झुळझुळ. गुंडाळी झाली लोहचुंबक. तिनं पट्टीला ओढलं. टक्! पट्टी जुळली. बॅटरीनं जोर दिला. सण्ण! हॉर्न वाजला. पोंऽऽप! म्हैस उठली. चिखलात डाळ होती, अख्खी.

"एवढंसंच तर दाबलं मी," काकू म्हणाल्या, आणि आपल्या बोटाकडे बघत राहिल्या.

मुंगी डाळ घेऊन घरी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाळ म्हणालं, "आई, उशीर का झाला?"

"म्हैस काकूंसाठी थांबली होती, काकू म्हशीसाठी. 'कशासाठी थांबलात?' असं दोघींना कुणी विचारलंच नव्हतं."

बाळानं थोडा विचार केला. मग डाळ खाल्ली. कुटुम कुटुम, कुटुम कुटुम.