सावळाच्या परसातली निसुर्डी

थांबा पोरींनो, कपड्यांना चिकटलेलं ते बी फाटकाबाहेर झटकू नका. आत या. इकडे परसात, मोरीचं पाणी जातं त्याच्या कडेला उभ्या राहा आणि मग झटका. वरच्या सड्याच्या पठारावरून उतरलेल्या माणसाने अंगावरची निसुर्डी कुणाच्या तरी परसातच सोडायची, असा आमच्या गावचा रिवाज आहे. घर ओळखीचं असलं पाहिजे असं नाही.

ही बघा निसुर्डी. पाकळ्या पांढऱ्या, मधोमध निळं. वर सड्यावर ती आपली आपण उगवते, पण परसात आणली की तिची मर्जी सांभाळावी लागते. शेणखत घातलंत तर नुसती पानं माजतात. पाणी साचलं तर मुळं कुजतात. मुरमाड माती हवी, अर्धी सावली हवी, आणि शेंड्याची फुलं संपली तरी झाड उपटायचं नाही. बी वाळून आपोआप खाली पडू द्यायचं. तुमच्यातली ही चष्मेवाली म्हणते, साहेबाच्या देशात हिची एक बहीण आहे, तिचं नाव म्हणे ‘मला विसरू नकोस’ असं आहे. असेल बाई. आमच्याकडे विसरायची सोयच ठेवलेली नाही.

मघाशी धुक्यात तुमची मैत्रीण मागे राहिली, म्हणून तुम्ही शिवेवरून “मेघना” अशी हाक मारलीत. गावातल्या पाच-सहा घरांतून “ओ, आले” असे आवाज आले. त्यावर तुम्ही खिदळलात, “इथं सगळ्याच मेघना आहेत का गं?” मी ऐकलं ते. एकही मेघना नाही आमच्यात. बसा, चहा होईस्तोवर सांगते. मला माझ्या सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने.

फार मागे या गावात सावळा नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला. ठकू ही लेक, आणि तिच्या पाठीवरचे दोन लहान मुलगे. ठकूला सड्यापलीकडच्या गावात दिली. पाठवणीच्या दिवशी शिवेपर्यंत पोरगी नीट चालत आली आणि तिथून पुढे पाय टाकेना, असं सांगतात.

“आई, मी इथून हाक मारली तर तुला ऐकू येईल?”

“न यायला काय झालं? तुझा गळा काय लहान आहे? तू रडलीस की खालच्या वाडीतली कुत्री उठून बसायची.”

ठकू हसली नाही. “पण ओ देशील ना?”

“अगं वेडे, चुलीवर दूध असलं तर ते उतू जाऊ देईन, पण आधी तुला ओ देईन.”

तेवढ्या बोलावर पोरगी चालती झाली.

पुढे ठकूला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सावळाने निरोप धाडला, निसुर्डी बियांवर येईल तेव्हा निघ, मी शिवेवर उभी राहते. पण त्या साली खालच्या खोऱ्यात मरी आली. पटकीला तेव्हा मरीच म्हणत. काल जेवायला बसलेलं माणूस आज नसायचं. मग गावाने शीव बांधली. म्हणजे गावाभोवती कच्चं सूत फिरवलं, त्याला लिंबाचा पाला आणि बिब्बे बांधले. सुताबाहेर कुणी जायचं नाही, बाहेरचं कुणी आत घ्यायचं नाही. आणि भगताने घरोघर फिरून बजावलं, की मरीआई आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. जो ओ देईल त्याच्या घरात शिरते, आणि तिथून गावात पसरते. सुतापलीकडून कुणीही हाक मारो, मुकाट बसा.

सावळाने भगताचे पाय धरले. “माझी लेक यायची आहे, बाबा. अवघडलेली आहे.”

भगत म्हणाला, “असल्या दिवसांत तिची माणसं तिला घराबाहेर काढतील होय? ती यायची नाही. आली, तर समज ती ठकू नव्हे.”

भगत वाईट नव्हता म्हणे. त्याच्याही घरात लेकरं होती.

भादवा सरता सरता असं धुकं उतरलं की अंगणातून गोठा दिसेना. सकाळची वेळ. सावळाने चुलीवर दूध ठेवलं होतं. धाकटी जाऊ बायजा शेजारी बसून नाचणीचं पीठ मळत होती. पोरं भाकरीची वाट बघत होती. आणि शिवेकडून हाक आली.

“आई... ए आई...”

सावळा उठली. बायजाने पिठाच्या हाताने तिचा पदर धरला.

“अक्का, बसा खाली.”

“ठकू आहे गं.”

“ठकूसारखी आहे.”

पुन्हा आवाज आला. “आई, मी ठकू. ओ दे की गं.”

“बघ, नाव सांगते.”

“मरीला कुणाचं नाव ठाऊक नाही?” बायजा म्हणाली. तिने पदर सोडला नाही. “अक्का, या पोरांकडे बघा. तुमचीही आहेत, माझीही आहेत.”

सावळाने पोरांकडे बघितलं. तेवढ्यात दूध वर आलं. तिने फडक्याने भांडं धरलं, उतरवलं, खाली ठेवलं आणि त्याच्याजवळच बसली. एक थेंबही सांडला नाही, असं सांगतात.

दुपारपर्यंत हाक येत राहिली. आधी मोठ्याने. मग विचारल्यासारखी. मग नुसतं “आई गं”, कळ आली की कुठलीही बाई म्हणते तसं. नंतर काही नाही. गावातल्या प्रत्येक घराने ते ऐकलं, आणि प्रत्येक घर मान खाली घालून बसलं.

धुकं उठलं तेव्हा सुतापलीकडे ठकू सापडली. अंगावर मरीची खूणसुद्धा नव्हती. सासरचं घरच्या घर मरीने रिकामं केलं होतं, ते मागाहून कळलं. राहिलेली एकटी माहेरी निघाली होती. गारठ्याने आणि कळांनी ती गेली, पोटातलं बाळही गेलं. डोक्यावरचं पावसाचं इरलं बाजूला पडलं होतं. आणि सूत तिच्या हाताशी होतं, बोट लावलं तर तुटेल एवढं बारीक. ते तुटलेलं नव्हतं. गावाचीच लेक ती. बांधलेली शीव तिने ओलांडली नाही, नुसती हाक मारत बसली.

सावळा रडली नाही. लेकीला शेवटचं न्हाऊ घालायला घेतलं, तर लुगडं गुडघ्यापर्यंत निसुर्डीच्या बियांनी भरलेलं. अख्खा सडा तुडवून आलेली पोरगी ती. बाया म्हणाल्या, राहू दे, असंच गुंडाळू या. सावळाने ऐकलं नाही. एकेक बी सोडवत बसली. आकड्यांचं बी, धागा सोडत नव्हतं.

“एवढं घट्ट धरलंस गं,” एवढंच म्हणाली.

ते बी तिने परसात मोरीच्या कडेला पेरलं. पुढच्या श्रावणात तिथं निसुर्डी फुलली.

त्या दिवसापासून गावात कुणीही कुणालाही हाक मारली की सावळा बाहेर यायची. “ओ, आले गं!” गुराखी म्हशीला हाक मारायचा, तरी ही ओ द्यायची. पोरांना खेळच झाला. कुडाआड लपून “आई” म्हणायची आणि पळून जायची. ती दरवेळी हातातलं टाकून धावत यायची, शिवेकडे बघत उभी राहायची, मग परत जायची.

एकदा बायजा चिडली. “अक्का, कार्टी चेष्टा करतात तुमची. कळत कसं नाही तुम्हाला?”

“कळतं की,” सावळा म्हणाली. “पण त्यातली एखादी खरी असली तर?”

बायजा आपल्या घरी निघून गेली. पण त्यानंतर धुक्यातून कुणाची तरी हाक आली, तेव्हा सावळाच्या आधी बायजाने आपल्या दारातून ओ दिली, असं सांगतात. मग तिने निसुर्डीचं बी मागून नेलं आणि आपल्या मोरीच्या कडेला टाकलं. तिचं बघून शेजारच्या घराने नेलं. सावळा थकून अंथरुणाला खिळली, तिच्या तोंडून आवाज फुटेना, तेव्हाही शिवेवरची एक हाक रिकामी गेली नाही. सगळं गाव तिच्या वतीने ओ देत होतं. ठकूला मात्र ते ऐकायला मिळालं नाही.

आजही आमच्या गावात परसाला निसुर्डी नाही असं घर सापडायचं नाही. आजही सड्यावरून येणाऱ्याच्या कपड्यांवरूनच तिचं बी घरात येतं, ठकूच्या लुगड्यावरून आलं तसं. हाकेला ओ देताना सुनेच्या हातून दूध उतू गेलं, तर सासू एक शब्द बोलत नाही. आणि धुक्यातून हाक आली, तर कोण आहे हे आधी विचारत नाही कुणी.

चहा घ्या, निवतोय. उतरताना शिवेवरून एकदा हाक मारा, कुणाच्याही नावाने मारा. माझे गुडघे धरलेत, मला बाहेर यायला वेळ लागेल. पण ओ आधी येईल.