सिन्योरा ओर्तेन्सियाची पट्टी

“मग म्होरकी व्हायला माझ्यात कमी काय आहे, माएस्त्रो?”

म्हातारे माएस्त्रो रेफूहियो खुर्चीत वाकून व्हायोलिनची तार बदलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आरासेली दारातच उभी होती. सतरा वर्षांची पोर. शाळेच्या मारियाची वृंदातली पहिली व्हायोलिन तिची आणि पहिला गळाही तिचाच.

मारियाची म्हणजे मेक्सिकोचं गावगाणं. व्हायोलिनं, ट्रम्पेट, गिटारी घेऊन उभ्यानं गायचं. लग्नात गायचं तसंच मर्तिकातही. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, नदीच्या खोऱ्यात संत्र्यांच्या बागा आहेत. त्या बागांत राबणाऱ्यांची पोरं माएस्त्रोंकडे, म्हणजे गुरुजींकडे, ते शिकत.

भिंतीवर वृंदाच्या जुन्या म्होरक्यांचे फोटो होते. त्यांतली एक नगराध्यक्ष झाली होती, एक वकील. एकानं बागेतल्या मजुरांची संघटना उभी केली होती.

“या भिंतीवर जो लागला तो पुढे गेला, असं सगळं खोरं म्हणतं,” आरासेली म्हणाली. “माझ्याएवढी तयारी आहे कुणाची? स्पर्धेत पहिला नंबर माझ्या गळ्यामुळे आला. तुम्हीच म्हणालात.”

“म्हणालो खरा.” माएस्त्रोंनी कपाळ चोळलं. “म्हणायला नको होतं की काय, कोण जाणे.”

“नेरेओ तर गातही नव्हता! लग्नात कुणीही झिंगलेला काका उठायचा, मला गायचंय म्हणायचा, की हा त्याच्या तोंडाशी कान नेऊन त्याची पट्टी शोधत बसायचा. आणि आम्ही सगळे त्याच्यामागे फरफटत!”

बोलून गेली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

नेरेओ हा वृंदाचा म्होरक्या. गितारोन वाजवायचा. गितारोन म्हणजे पोट सुटलेलं, खर्जातलं दांडगं गिटार. त्याच्या मानेवर पडदे नसतात. सूर बोटांनी चाचपत शोधावा लागतो. रविवारी संत्र्यांच्या ट्रकखाली सापडून नेरेओ गेला. उद्या त्याला माती द्यायची होती.

त्याचं गितारोन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

“उद्या गाणार कोण?” माएस्त्रोंनी विचारलं.

“मी. निरोपाचं गाणं, त्याच्या आवडीचं. स्पर्धेला बसवलं होतं तसंच. सगळं तयार आहे.”

“आणि कुणी गाऊ का म्हणालं तर?”

“कोण म्हणणार?”

माएस्त्रोंनी खुंटी पिळली. तार कुरकुरली...

“उद्या तू पुढे उभी राहा,” ते म्हणाले. “म्होरक्याचं नंतर बघू.”

*

दफनभूमी कालव्याच्या बांधाला लागून होती. वाऱ्याचं नाव नव्हतं. काळ्या पोशाखांवरची चांदीची बटणं उन्हानं तापली होती. पोरं रांगेत उभी राहिली. खर्जवाल्याची जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

आरासेलीनं गज उचलला, तेवढ्यात नेरेओची आई पुढे आली. सिन्योरा ओर्तेन्सिया. संत्री भरायच्या शेडमध्ये काम करून तिचे हात पिवळे पडले होते.

“मी म्हणू का?” ती म्हणाली. “हे मीच शिकवलेलं त्याला.”

आरासेलीचा गज हवेतच राहिला.

“विचार ना, कुठल्या पट्टीत,” मागून ट्रम्पेटवाला ओव्हिदिओ कुजबुजला.

“पट्टी ठरलेली आहे.”

“अगं, पण त्यांना...”

“आता बदलली तर सगळे घसरतील. त्याच्या मातीला बेसूर वाजवायचं का?”

मग ती सिन्योराकडे वळली. आवाजात होती नव्हती तेवढी माया आणून म्हणाली, “हा घ्या सूर, सिन्योरा. इथून उचला.”

आणि तिनं व्हायोलिनवर सूर दिला. स्वच्छ, उंच.

सिन्योरानं तो उचलायचा प्रयत्न केला. आवाज अर्ध्या वाटेवर फाटला. तिनं श्वास घेतला, पुन्हा उचलला. पुन्हा फाटला. गर्दीत एक लहान मूल हसलं आणि त्याच्या आईनं घाईघाईनं त्याचं तोंड दाबलं.

सिन्योरानं शालीचं टोक तोंडात कोंबलं. ती मागे सरली.

आरासेली गायली. असं ती कधीच गायली नव्हती. बायका हुंदके देऊन रडल्या, पाद्रीबाबांनी चष्मा काढून पुसला. शवपेटी खाली गेली.

सिन्योरा ओर्तेन्सिया तेवढा वेळ कालव्याकडे बघत उभी होती.

*

“कसं झालं, माएस्त्रो?”

“एक सूर हलला नाही.”

आरासेली थांबली. आणखी काहीतरी येईल असं तिला वाटलं.

माएस्त्रो बुटांवरची माती झटकत होते...

“हेच सिन्योराच्या घरी जाऊन विचार,” ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना गितारोन पाठीवर घेतलं. का घेतलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. रस्ताभर ते तिच्या पाठीवर आपटत होतं.

सिन्योरानं दार उघडलं. गितारोनकडे पाहिलं. तिला आत घेतलं, कॉफी ठेवली.

“छान गायलीस, मिहा.” मिहा म्हणजे लेकी. तिकडच्या बायका कुणाच्याही पोरीला असंच म्हणतात. “माझा नेरेओ गायला लागला की कुत्री पळायची.”

आरासेलीला हसायचं की रडायचं कळेना.

“सिन्योरा... आज म्हणा ना ते गाणं. तुम्हाला येईल त्या पट्टीत. मी साथ करते. जमेल तशी.”

“कुणापुढे म्हणू?”

आरासेलीनं गितारोन पाठीवरून उतरवून जमिनीवर टेकवलं.

“काल तो समोर होता,” सिन्योरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं आरासेलीला वाटलं. “माझ्या पोटाला हात लावून बघायचा मी म्हणत असताना. लहानपणी. श्वास कुठून येतो ते बघायचा... काल म्हणायचं होतं गं. आज काय.”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

“कॉफी घे,” सिन्योरा म्हणाली. “गार होईल.”

*

शाळेत पोचली तेव्हा माएस्त्रो तिथंच, त्याच खुर्चीत होते. गुडघ्यांवर दोन्ही हात. तिची वाट बघत होते की नुसतेच बसले होते, हे त्यांच्याकडे बघून सांगता येत नव्हतं.

आरासेलीनं गितारोन भिंतीला टेकवलं.

“नाही म्हणाल्या.”

“हं.”

“आता कधीच म्हणणार नाहीत.”

“नाही म्हणणार.”

“मी काय करू, माएस्त्रो? कसं परत देऊ त्यांना ते?”

माएस्त्रोंनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं.



“परवा तू म्होरकेपण मागायला आली होतीस,” ते म्हणाले.

“नको मला. ओव्हिदिओला द्या. त्याला कळलं होतं. मला त्या भिंतीवर लावू नका.”

माएस्त्रो उठले. त्यांनी गितारोन उचललं. त्यांना ते पेलवत नव्हतं. आरासेली धरायला धावली तशी त्यांनी ते तिच्याच हातांत सोडलं.

“हे मला वाजवता येत नाही, माएस्त्रो.”

“माहीत आहे.”

ते परत खुर्चीत बसले. डोळे मिटले. आणि गाऊ लागले.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून माएस्त्रोंना कुणी गाताना ऐकलं नव्हतं. गाणं तेच होतं, निरोपाचं. आवाज कसला, नुसती खरखर. दगडावरून रिकामी बादली ओढावी तशी. त्यात सूर होता, पण तो कुठल्याच ठरलेल्या जागी नव्हता.

“थांबा... थांबा ना, माएस्त्रो. द्या जरा सूर.”

माएस्त्रो थांबले नाहीत.

आरासेलीनं व्हायोलिनची सवय असलेली बोटं त्या जाड तारांवर टेकवली. पहिली तार छेडली. चूक. बोट सरकवलं. तेही चूक. खर्ज घुमला आणि माएस्त्रोंचा आवाज त्याच्याखाली दबून गेला. तिनं हात हलका केला. मग पुढे सरकून ती त्यांच्या पायाशी बसली आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. औषधाचा वास आला. श्वासाची शिट्टी ऐकू आली, आणि त्या शिट्टीखाली कुठेतरी सूर.

बोट केसभर मागे घेतलं...

लागला.

तिनं डोळे पुसले. बोट तिथंच गच्च दाबून धरलं.

माएस्त्रोंनी गाणं न तोडता, दोन ओळींच्या मधल्या श्वासात म्हटलं, “सापडला म्हणून तिथंच बसू नकोस, पोरी. मी अजून खाली चाललोय.”